रोलाँ गॅरो 2017: शारापोव्हाचं वाइल्ड कार्ड आणि बंद ठेवलेला मधला दरवाजा

16 मे 2017 च्या संध्याकाळी फ्रेंच टेनिस महासंघाचे अध्यक्ष बर्नार ज्युदिसेली यांनी फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणात निर्णय सांगितला. उत्तेजक द्रव्याबद्दलची पंधरा महिन्यांची बंदी संपवून नुकत्याच परतलेल्या मारिया शारापोव्हाला रोलाँ गॅरोचं, म्हणजे फ्रेंच ओपनचं, वाइल्ड कार्ड (क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेला प्रवेश) मिळणार नव्हतं, मुख्य ड्रॉचंही नाही आणि पात्रता फेरीचंही नाही. ती इथली दोन वेळची विजेती, 2012 आणि 2014 ची. सेरेना विल्यम्स गरोदरपणामुळे त्या वर्षी खेळणार नव्हती, रॉजर फेडररने क्ले कोर्टचा (मातीच्या कोर्टांचा) मोसमच सोडला होता. म्हणजे तिकिटं आणि टीव्ही या दोन्हींच्या दृष्टीने शारापोव्हा हवीच होती. तरीही नकार आला.

हा नकार योग्य होता का, यावर तेव्हा भरपूर भांडणं झाली. एक बाजू म्हणाली, उत्तेजक द्रव्यात सापडलेल्या खेळाडूला पायघड्या कशाला? दुसरी म्हणाली, शिक्षा भोगून झाली, आता पुन्हा शिक्षा कशाला? दोन्ही बाजूंनी वाइल्ड कार्डला बक्षीस किंवा दंड मानलं, आणि मूळ गोंधळ तिथेच झाला. वाइल्ड कार्ड हे प्रवेशाचं साधन आहे. ते द्यायचं की नाही हे ठरवताना खेळाडूची क्रमवारी रिकामी का आहे, परतल्यावर तिने कोर्टवर काय केलं आणि ही जागा मुळात कोणासाठी राखलेली आहे, हे तीन प्रश्न पुरतात. पॅरिसने पहिल्याच प्रश्नावर गाडी थांबवली.

ही जागा नेमकी कोणाची

ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 खेळाडू असतात. 2017 मध्ये महिलांच्या ड्रॉमध्ये 108 जणी थेट क्रमवारीवर, 12 पात्रता फेरीतून आणि 8 वाइल्ड कार्डवर येत. (पुरुषांत ही विभागणी 104, 16 आणि 8.) एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. वाइल्ड कार्ड दिल्यामुळे 108 व्या क्रमांकाच्या खेळाडूची जागा जात नाही, कारण त्या आठ जागा आधीपासून बाजूला काढलेल्या असतात. जागा जाते ती नवव्या उमेदवाराची, म्हणजे ज्या मुलीला ते कार्ड अन्यथा मिळालं असतं तिची. म्हणून 'कोणावर अन्याय झाला' हे विचारताना तिचं नाव डोळ्यांसमोर असावं लागतं.

पॅरिसमध्ये या आठपैकी दोन जागा आधीच गेलेल्या असतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या संघटनांशी फ्रान्सचा अदलाबदलीचा करार आहे. ते एकमेकांच्या एकेक खेळाडूला कार्ड देतात. 2017 मध्ये अमेरिकेच्या वाट्याचं कार्ड 15 वर्षांच्या अमांडा अनिसिमोव्हाला गेलं, ऑस्ट्रेलियाचं जेमी फोर्लिसला. उरलेल्या सहा जागांवर साधारणपणे फ्रेंच मुलींचा हक्क मानला जातो. त्या वर्षी पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूला 35,000 युरो मिळणार होते. क्रमवारीत दीडशे-दोनशेच्या आसपास असलेल्या आणि वर्षभर छोट्या स्पर्धांत फिरणाऱ्या मुलीसाठी एवढ्या पैशात प्रशिक्षकाचा पगार आणि विमानाची तिकिटं अनेक महिने निघतात. एक कार्ड पाहुण्या खेळाडूला देणं म्हणजे महासंघाने स्वतःच्या एका मुलीचे हे पैसे, आणि पहिल्या फेरीचे 10 गुणही, सोडून देणं.

क्रमवारी का रिकामी होती

26 जानेवारी 2016 रोजी, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सेरेनाकडून उपांत्यपूर्व सामना हरल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात मेल्डोनियम सापडलं. हे औषध 1 जानेवारी 2016 पासूनच बंदीच्या यादीत आलं होतं, आणि शारापोव्हा ते 2006 पासून घेत होती. 7 मार्चला लॉस एंजलिसमध्ये पत्रकार परिषद घेऊन तिने स्वतः हे जाहीर केलं. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या लवादाने दोन वर्षांची बंदी घातली. 4 ऑक्टोबरला क्रीडा लवाद न्यायालयाने ती 15 महिन्यांवर आणली. तिचा दोष होता, पण तो मोठा नव्हता आणि तिने जाणूनबुजून उत्तेजक घेतलं असं म्हणता येणार नाही, असं त्या निकालात आहे. बंदी 25 एप्रिल 2017 ला संपली.

टेनिसची क्रमवारी मागच्या 52 आठवड्यांच्या गुणांवर चालते. पंधरा महिने न खेळलेल्या खेळाडूचे सगळे गुण उडतात. दुखापत किंवा बाळंतपणामुळे दीर्घकाळ बाहेर राहिलेल्या महिलेला डब्ल्यूटीए (महिला टेनिसची व्यावसायिक संघटना) 'विशेष क्रमवारी' देते. जुन्या क्रमांकावर ठरावीक स्पर्धांत तिला प्रवेश मिळतो, कोणाकडे कार्ड मागावं लागत नाही. बंदीमुळे बाहेर राहिलेल्यांना ही सोय नाही, आणि ते बरोबरच आहे. गुण जाणं हा बंदीचा ठरवून ठेवलेला परिणाम आहे. त्यामुळे शारापोव्हासमोर दोनच रस्ते उरले. एक, 25,000 डॉलर बक्षिसाच्या छोट्या स्पर्धांपासून सुरुवात करायची. दुसरा, मोठ्या स्पर्धांनी कार्ड दिलं तर तिथून चढायचं.

स्टुटगार्ट, माद्रिद, रोम

तिने दुसरा रस्ता घेतला आणि तो तिच्यासाठी उघडलाही गेला. स्टुटगार्टच्या पोर्श ग्रां प्रीने जानेवारीतच तिचं कार्ड जाहीर केलं. स्पर्धा सोमवारी 24 एप्रिलला सुरू होणार आणि बंदी मंगळवारी संपणार. म्हणून तिचा पहिला सामना बुधवारी लावला गेला आणि तोपर्यंत तिला स्पर्धेच्या आवारात पाऊल ठेवायला मनाई होती, सराव बाहेर करावा लागला. अँजेलिक कर्बरला हे विचित्र वाटलं, कॅरोलिन वोझ्नियाकीला इतर खेळाडूंचा अनादर वाटला. शारापोव्हा 2013 पासून पोर्शची ब्रँड अ‍ॅम्बेसेडर होती हेही इथे नोंदवायला हवं. ज्या कंपनीचं नाव स्पर्धेला आहे तिची जाहिरात करणारी खेळाडू त्याच स्पर्धेचं कार्ड घेते, तेव्हा निर्णय प्रामाणिक असला तरी तसा दिसत नाही.

कोर्टवर मात्र तिने काहीच उधारीवर घेतलं नाही. रॉबर्टा विंची, एकातेरिना मकारोव्हा आणि अ‍ॅनेट कोन्टावेट यांना सरळ सेटमध्ये हरवून ती उपांत्य फेरीत गेली आणि क्रिस्टिना म्लादेनोविचकडून तीन सेटमध्ये हरली. माद्रिदच्या कार्डवर तिने एक सामना जिंकला आणि पुढचा युजिनी बुशार्डकडून हरला. याच बुशार्डने शारापोव्हावर आजीवन बंदी हवी होती असं म्हटलं होतं. रोममध्येही एक विजय, मग मांडीच्या दुखापतीमुळे सामना अर्धवट सोडला. तोही 16 मे लाच, पॅरिसचा नकार आला त्या दिवशी.

आता गुण मोजू. स्टुटगार्टची उपांत्य फेरी 185, माद्रिद 65, रोम 60. एकूण 310. त्या काळात 25,000 डॉलरच्या स्पर्धेची विजेती 50 गुण कमवायची. म्हणजे अशा तीन स्पर्धा लागोपाठ जिंकल्या, पंधरा सामने जिंकले, तरी 150. शारापोव्हाला स्टुटगार्टमधल्या तीन विजयांतच त्याहून जास्त मिळाले. अँडी मरे त्याच काळात म्हणाला होता की परतणाऱ्याने खालून कष्ट करत वर यायला हवं. त्यामागचा हिशोब हाच आहे. कार्डावर मिळालेले गुण पुढच्या प्रवेशासाठी वापरता येतात. एक कार्ड दुसऱ्या स्पर्धेचा दरवाजा उघडतं, मग तिसऱ्या स्पर्धेला कार्डाची गरजही उरत नाही. माजी ग्रँड स्लॅम विजेत्यांना डब्ल्यूटीएच्या नियमात वर्षाला किती कार्डं घ्यायची याची मर्यादाही लागू होत नाही. हे चक्र इतरांसाठी फिरत नाही.

त्याच स्टुटगार्टमध्ये दुसरंही एक कार्ड होतं, जे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. यजमान देशाच्या लॉरा सीगमुंडने वाइल्ड कार्डवर खेळून विजेतेपदच पटकावलं.

तारखांचं गणित

ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉची प्रवेश यादी स्पर्धेच्या सहा आठवडे आधीच्या क्रमवारीवर बंद होते, पात्रता फेरीची चार आठवडे आधीच्या. रोलाँ गॅरो 28 मे ला सुरू होणार होती. मुख्य यादीच्या दिवशी शारापोव्हा अजून बंदीत होती. पात्रतेच्या यादीसाठी मोजली गेली ती स्टुटगार्टनंतरची क्रमवारी, आणि त्यात ती 262 वी होती. स्टुटगार्टच्या अंतिम फेरीत पोहोचली असती तर 305 गुणांवर तिला पात्रता फेरी कोणाच्याही मेहेरबानीशिवाय मिळाली असती. म्लादेनोविचविरुद्ध पहिला सेट जिंकून तिने तो सामना 3-6, 7-5, 6-4 असा गमावला. पॅरिसचा सगळा वाद त्या दोन सेटमधून जन्मला.

निर्णयाच्या दिवशी तिची क्रमवारी 211 होती. रोममधल्या विजयाचे गुण धरून विम्बल्डनची पात्रता फेरी तिला मिळणार होती, आणि तिने विम्बल्डनकडे कार्ड मागणार नसल्याचं तीनच दिवसांत जाहीर करून टाकलं. याचा अर्थ असा की पॅरिसच्या पात्रतेसाठी ती खेळाने कमी पडली नव्हती, कमी पडली ती तारीख. यादी बंद झाल्यानंतर चांगलं खेळलेल्या खेळाडूसाठी पात्रता फेरीचं वाइल्ड कार्ड हेच नेमकं औषध असतं.

पॅरिससमोर काय काय होतं

मुख्य ड्रॉचं कार्ड, पात्रतेचं कार्ड, किंवा काहीच नाही. पहिल्या पर्यायाच्या बाजूने परंपरा भक्कम होती. 1991 मध्ये जिमी कॉनर्स 174 व्या क्रमांकावर असताना अमेरिकन ओपनने त्याला कार्ड दिलं, तो 39 व्या वर्षी उपांत्य फेरीत गेला. 2001 मध्ये गोरान इव्हानिसेविच 125 व्या क्रमांकावर होता. विम्बल्डनने तीन वेळच्या उपविजेत्याला कार्ड दिलं आणि तो जिंकला. 2009 मध्ये निवृत्तीतून परतलेल्या किम क्लायस्टर्सला क्रमवारीच नव्हती. तिने कार्डावर अमेरिकन ओपन जिंकली. पण या तिघांची क्रमवारी गेली होती ती वय, शस्त्रक्रिया, फॉर्म किंवा संसारामुळे. नियम मोडल्यामुळे गुण गेलेले नव्हते. म्हणून मुख्य ड्रॉचं कार्ड नाकारणं आम्हाला पटतं. ज्याची क्रमवारी नियमानेच शून्य केली, त्याला 35,000 युरोच्या खात्रीच्या जागेवर बसवायचं आणि त्यासाठी एका फ्रेंच मुलीला उठवायचं, हे कोणत्याच निकषात बसत नाही.

दुसरा पर्याय मात्र नाकारायला नको होता. 2017 मध्ये पात्रता फेरीत 96 जणी होत्या, मुख्य ड्रॉसाठी तीन सामने जिंकावे लागत. तिथे खात्रीचं काहीच नसतं. 'खालून वर ये' म्हणणाऱ्यांचं समाधान त्यात आहे आणि 'शिक्षा संपली' म्हणणाऱ्यांचंही.

ज्युदिसेलींनी कारण दिलं ते असं: दुखापतीतून परतणाऱ्यासाठी वाइल्ड कार्ड असू शकतं, डोपिंगमधून परतणाऱ्यासाठी असू शकत नाही. तिची आधीची विजेतेपदं कोणी हिरावून घेणार नाही, पण पुढची तिने कोणाचंही देणं न ठेवता मिळवावीत. ऐकायला हे फार भारदस्त आहे, आणि बोलणाऱ्याची तळमळ खरी होती. महासंघ डोपिंगविरोधी कामावर पैसा खर्च करतो आणि दुसऱ्या हाताने कार्ड वाटतो, हे त्यांना खटकत होतं. अडचण अशी की टेनिसचा डोपिंगविरोधी कार्यक्रम चारही ग्रँड स्लॅम, आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ), एटीपी (पुरुष टेनिसची व्यावसायिक संघटना) आणि डब्ल्यूटीए यांनी मिळून मान्य केलेला आहे. किती शिक्षा द्यायची हे एकाच ठिकाणी ठरावं, हाच त्याचा हेतू. डब्ल्यूटीएचे प्रमुख स्टीव्ह सायमन यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. अंतिम निकालात जी शिक्षा आहे तिच्यापलीकडे खेळाडूला दंड करण्याचा कार्यक्रमातल्या कोणत्याही सदस्याला आधार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 'आमचे निकष यादीनंतरचा फॉर्म आणि स्थानिक खेळाडूंची गरज हे आहेत, त्यात मुख्य ड्रॉ बसत नाही' एवढंच पॅरिसने म्हटलं असतं, तर कोणालाच उत्तर देता आलं नसतं.

चुकलं कुठे

स्टुटगार्टचं कार्ड जानेवारीत जाहीर झालं तेव्हाच मे महिन्यातला प्रश्न दिसत होता. ज्युदिसेली फेब्रुवारीत निवडून आले. तेव्हापासून निर्णयापर्यंत जवळजवळ तीन महिने गेले, पण 'बंदीतून परतणाऱ्या खेळाडूंबाबत आमचं धोरण हे' असा कागद बाहेर आला नाही. नाव समोर नसताना निकष लिहिले तर ते निकष राहतात. नाव समोर असताना लिहिले की ते निवाडा होतात. त्यात जाहीर करण्याची पद्धत अशी, की पात्रता फेरी तोंडावर आलेली, थेट प्रक्षेपण, आणि जगभरचे कॅमेरे. एका प्रवेश अर्जावरचा निर्णय खटल्याच्या निकालासारखा वाचला गेला.

स्पर्धेच्या समितीने हे काम कसं करावं, याची एक चाकोरी आहे आणि ती फारशी अवघड नाही. स्पर्धेच्या बरेच आधी कोणत्या जागा कोणत्या कारणासाठी आहेत हे लिहून ठेवायचं: अदलाबदलीच्या किती, राष्ट्रीय विजेत्याला किती, कार्डासाठी ठेवलेल्या चुरशीतून किती, आणि मोकळ्या किती. सहा आठवडे आधी प्रवेश यादी बंद झाली की कट-ऑफ (थेट प्रवेश मिळालेला शेवटचा क्रमांक) कुठे आला ते पाहायचं, कारण एखादी स्थानिक खेळाडू दोन-चार जागांनी बाहेर असेल तर माघारींमुळे ती थेट आत येते आणि तिच्यासाठी ठेवलेलं कार्ड वाया जातं. घाईने वाटलेली कार्डं इथेच फुकट जातात. म्हणून निदान एक मोकळं कार्ड शेवटपर्यंत हातात ठेवायचं. समितीतला जो कोणी उमेदवाराचा प्रशिक्षक, नातलग, एजंट किंवा प्रायोजक असेल त्याने त्या नावापुरतं उठून जायचं, आणि ते इतिवृत्तात लिहायचं. कार्डासाठी पैसे किंवा कोणताही मोबदला देणं-घेणं हा टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत गुन्हा आहे. छोट्या स्पर्धांत 'राहण्याचा खर्च तुमचा, कार्ड आमचं' असल्या तडजोडी सुचवल्या जातात, त्या तिथेच तोडायच्या. ड्रॉ काढण्याआधी सगळी नावं रेफ्रीच्या हातात गेली पाहिजेत. ड्रॉनंतर कार्डधारकाने माघार घेतली तर नवीन कार्ड देता येत नाही, जागा लकी लूझरला, म्हणजे पात्रता फेरीत हरलेल्यांपैकी एकाला, जाते.

न्यूयॉर्कने उलट केलं

15 ऑगस्ट 2017 ला अमेरिकन टेनिस संघटनेने शारापोव्हाला मुख्य ड्रॉचं कार्ड दिलं. तेव्हा ती दीडशेच्या आसपास होती. दुखापतींमुळे तिचा सगळा गवताचा मोसम गेला होता. कारण सांगितलं ते पूर्वउदाहरणाचं: माजी विजेत्यांना आम्ही कार्डं देत आलो आहोत, आणि बंदी पूर्ण झाल्याने ती विचारात घेतलेली नाही. 2016 मध्ये 142 व्या क्रमांकावरच्या हुआन मार्टिन देल पोत्रोला त्यांनी असंच कार्ड दिलं होतं. शारापोव्हा युवा खेळाडूंशी डोपिंगविषयी बोलायला तयार असल्याचंही सांगितलं गेलं. हे वाक्य नसतं तर बरं झालं असतं. बंदी विचारात घेतलेली नाही म्हणायचं आणि प्रायश्चित्ताचा उल्लेखही करायचा, या दोन गोष्टी एकत्र जात नाहीत.

तरी न्यूयॉर्कची एक बाजू अनुकरण करण्यासारखी आहे. तिथल्या आठपैकी बऱ्याच जागा नावावर ठरतच नाहीत. महाविद्यालयीन विजेती, 18 वर्षांखालील राष्ट्रीय विजेती, ठरावीक स्पर्धांच्या गुणांवरून निघणारी चुरशीची विजेती आणि अदलाबदलीच्या परदेशी खेळाडू यांत निम्म्याहून जास्त कार्डं संपतात. समितीच्या मर्जीवर राहतात ती थोडी. त्या वर्षी चुरशीतून आलेली सोफिया केनिन आणि मर्जीतून आलेली शारापोव्हा तिसऱ्या फेरीत एकमेकींसमोर आल्या. त्याआधी शारापोव्हाने पहिल्याच फेरीत जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या सिमोना हालेपला तीन सेटमध्ये हरवलं होतं. चौथ्या फेरीत ती अनास्तासिया सेवास्तोवाकडून हरली. वोझ्नियाकीची तक्रार आली ती कोर्टांबद्दल: पाचवं मानांकन असलेल्या तिला कोर्ट क्रमांक 5 वर शेवटचा सामना, आणि कार्डावर आलेलीला रोज आर्थर अ‍ॅश हे मुख्य कोर्ट. तक्रार रास्त होती. प्रवेश देणं आणि मुख्य कोर्ट देणं या दोन वेगळ्या सवलती आहेत. पहिली दिली म्हणून दुसरी आपोआप देऊ नये.

पुणे आणि मुंबई

बालेवाडीत 2018 ते 2023 या काळात झालेल्या एटीपी 250 स्पर्धेत एकेरीच्या 28 जागांपैकी तीन वाइल्ड कार्डाच्या होत्या. तिथे डोपिंगचा प्रश्न नव्हता, पण नववा उमेदवार तिथेही होता. 2023 मध्ये पुण्याच्या 15 वर्षांच्या मानस धामणेला मुख्य ड्रॉचं कार्ड मिळालं आणि तो मायकेल मोकडून सरळ सेटमध्ये हरला. हरणं हा दोष नाही, त्या वयात मोठ्या कोर्टवरचा एक सामना खूप शिकवतो. पण दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. 2025 च्या मुंबई ओपनमध्ये, सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) कोर्टांवर, 15 वर्षांच्या माया राजेश्वरनला पात्रता फेरीचं कार्ड मिळालं. तिथून जिंकत ती उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि जिल टाइकमनकडून हरली. समितीने तिला फक्त दरवाजापर्यंत नेलं, आत ती स्वतः गेली. आपल्याकडच्या संयोजकांनी पात्रतेची कार्डं उरलीसुरली म्हणून शेवटच्या दिवशी न वाटता, आधी त्यांचाच विचार करायला हवा.

पुढे काय झालं

2017 ची रोलाँ गॅरो 47 व्या क्रमांकाच्या, बिगरमानांकित येलेना ओस्तापेंकोने जिंकली. नावाजलेल्या खेळाडूंशिवाय स्पर्धा ओस पडेल ही भीती खोटी ठरली, अर्थात त्यावरून नकाराचं कारण बरोबर ठरत नाही. शारापोव्हाने ऑक्टोबरमध्ये तिआनजिनची स्पर्धा जिंकली. पुढच्या मे महिन्यात ती कोणाकडे काही न मागता 28 वं मानांकन घेऊन पॅरिसला आली आणि उपांत्यपूर्व फेरीत गार्बिन्ये मुगुरुझाकडून हरली.

मार्च 2024 मध्ये हाच प्रश्न पुन्हा आला. हालेपची डोपिंगबद्दलची चार वर्षांची बंदी क्रीडा लवाद न्यायालयाने नऊ महिन्यांवर आणली आणि काही दिवसांतच मायामीने तिला मुख्य ड्रॉचं कार्ड दिलं. वोझ्नियाकीने पुन्हा आक्षेप घेतला, हालेपने उत्तर दिलं, आणि चर्चा पुन्हा लायकीवर गेली. पात्रता फेरीचं नाव त्या वादात फारसं निघालं नाही.

शारापोव्हाचं शेवटचं ग्रँड स्लॅम वाइल्ड कार्ड 2020 चं, मेलबर्नचं, म्हणजे ज्या स्पर्धेत तिचा नमुना सापडला त्याच स्पर्धेचं. खांद्याच्या दुखण्यामुळे ती 145 वर घसरली होती. या वेळी क्रमवारी दुखापतीने गेली होती, म्हणून कार्ड कशासाठी हे कोणाला विचारावं लागलं नाही. पहिल्या फेरीत डोना वेकिचने तिला 6-3, 6-4 असं हरवलं आणि पुढच्याच महिन्यात ती निवृत्त झाली.